अंक ठेवू नका, लेख ठेवा

चिपळूणच्या घराच्या माळ्यावरून काकांच्या तीन ट्रंका खाली आल्या तेव्हा काकू म्हणाली, "अरे, रविवारी रद्दीवाला येतोय. तुला काय हवं ते त्याआधी उचल." मी तिन्ही उचलल्या. टेम्पोने ठाण्याला आणल्या, पलंगाखाली सरकवल्या आणि दोन वर्षं उघडल्या नाहीत. माळ्यावरची रद्दी पलंगाखाली आली, एवढाच काय तो फरक पडला.

ट्रंकेत काय नव्हतं? 'सत्यकथा', 'किर्लोस्कर', 'माणूस'चे अंक, शिवाय पन्नासेक दिवाळी अंक. काकांनी आयुष्यभर काहीच टाकलं नव्हतं आणि अडचण तीच होती. सगळंच ठेवलेलं असलं की हवं ते हाताला लागत नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत मी तिथून हळूहळू एक संग्रह उभा केला. आज तो बहुतांशी दोन कपाटी फळ्यांवर आणि एका हार्ड डिस्कवर मावतो. ते करताना हात कसा बसला, कुठे पोळला, ते इथे लिहितो आहे.

कशासाठी हा खटाटोप, हे आधी थोडक्यात सांगतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतलं उत्तम लेखन आधी मासिकात येतं आणि मग जमलंच तर पुस्तकात. कथा आणि कविता बऱ्याचदा संग्रहात जातात. पण एखाद्या माणसाने एकदाच लिहिलेला अनुभव, मोठी मुलाखत, एखाद्या धंद्यावरचा लेख यांचं पुस्तक होत नाही. लेखक हा पेशाने लेखकच नसतो, त्यामुळे दुसरा लेखही येत नाही. तो लेख त्या एका अंकातच जगतो आणि अंक रद्दीत गेला की संपतो. म्हणून कथांच्या मागे धावण्याआधी हे पोरके लेख वेचा, असं माझं मत आहे.

कुठे शोधायचं

घरात ट्रंक नसली तरी काही बिघडत नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस रद्दीच्या दुकानांत चक्कर टाका, कारण घरोघरची साफसफाई तेव्हाच निघते. रद्दीवाल्याला "जुनी मासिकं आली की बाजूला ठेव, किलोच्या भावापेक्षा जास्त देतो" एवढं एकदा सांगितलं की तो विसरत नाही. दुसरी जागा म्हणजे खाजगी वाचनालयं. दिवाळी अंकांची योजना चालवणारी वाचनालयं हंगाम संपल्यावर अंक स्वस्तात काढून टाकतात. शिक्के मारलेले, पानं दुमडलेले असतात, पण आपल्याला पानावरचा मजकूर हवा आहे, अंकाचा दिमाख नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे फुटपाथ आहेतच, फक्त तिथल्या विक्रेत्याला आपण काय विकतोय हे नीट कळतं, हे धरून जा.

शोध महाराष्ट्रापुरता ठेवू नका. 'अभिरुची' हे मासिक १९४३ साली निघालं ते बडोद्याहून. बडोदा, इंदूर, हैदराबाद इथल्या जुन्या मराठी घरांत काय काय पडलेलं असेल याचा अंदाज इथे बसून येत नाही. तिकडे नातेवाईक असतील तर फोन करा.

आणि जे आधीच सुखरूप आहे त्यावर घाम गाळू नका. बालभारतीच्या 'किशोर'चे आणि 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक संगणकावर वाचता येतात. मी 'साधना'चा एक गठ्ठा महिनाभर स्कॅन करत बसलो होतो. नंतर भाच्याने मोबाइलवर तेच अंक काढून दाखवले. त्या दिवशी चहा जरा कडूच लागला. तेव्हा आधी शोधा, मग हात घाला.

चाळणी

इथे मन घट्ट करावं लागतं. माझी पद्धत साधी आहे. अंक हातात घ्यायचा, अनुक्रमणिका न बघता मधूनच उघडायचा आणि वाचायला लागायचं. दोन पानांनंतर आपण अजून वाचतच असू, तर त्या लेखावर कागदाची पट्टी घालायची. अनुक्रमणिका बघितली की मोठी नावं डोळ्यांत भरतात आणि आपण लेख न वाचताच निवडतो. मोठ्या लेखकांनीही दिवाळी अंकांच्या मागणीपोटी पुष्कळ पाट्या टाकलेल्या आहेत, हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं.

पट्टी घातलेले अंक वेगळे ठेवा आणि सहा महिन्यांनी परत वाचा. पहिल्या वाचनात जुन्या कागदाचा वास, जुन्या जाहिराती, "अरेच्चा, हे तेव्हाही होतं!" असलं बरंच काही लेखाच्या पदरात जमा होतं. दुसऱ्या वाचनात ते ओसरतं. माझ्या पट्ट्यांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या खेपेला निघाल्या.

एक लेख मात्र तीनदा वाचून तिन्ही वेळा राहिला. कुठल्याशा तालुक्याच्या गावाहून निघालेल्या दिवाळी अंकात होता. विहिरी खणण्याचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाने सांगितलेलं कुणीतरी लिहून घेतलंय. मुरूम संपून काळा दगड लागला की पहारीचा आवाज कसा बदलतो, सुरुंगाचं भोक कुठल्या बाजूने घ्यायचं, पाणी लागण्याआधी दगड कसा गार लागतो. साडेचार पानं. वरचं पान फाटलेलं, त्यामुळे सांगणाऱ्याचंही नाव नाही आणि लिहिणाऱ्याचंही.

निवडलेल्या प्रत्येक लेखावर एक ओळ लिहा: हा का ठेवला? "सुंदर लेख" असं लिहायचं नाही, नेमकं लिहायचं. विहिरीच्या लेखावर माझी ओळ आहे, "आवाजावरून दगड ओळखणं". दहा वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही की यात काय एवढं होतं. ही ओळ लिहिता येत नसेल, तर लेख ठेवण्याचं कारणच नाही.

फाटक्या पानाचं साल

सुटी कात्रणं आणि मुखपृष्ठ गेलेले अंक यांची तारीख लावणं हे या छंदातलं सर्वांत रंजक काम आहे. पुरावा लेखात क्वचितच मिळतो, जाहिरातींत आणि किमतीत मिळतो.

किंमत आण्यात असेल तर अंक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. "५० नये पैसे" असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ या मधल्या वर्षांतला. १९६४ मध्ये 'नये' गळून नुसते पैसे राहिले. जाहिरातीतला पत्ता "मुंबई ४" असा आहे की "मुंबई ४०० ००४" ते बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकडी पिन दिसला तर अंक त्यानंतरचाच. पिन नसला म्हणून तो आधीचा असं मात्र ठरत नाही, कारण दुकानदार जाहिरातीचे छपाईचे जुने ब्लॉक (ठसे) पुढे कैक वर्षं वापरत राहिले.

तिसरी खूण शुद्धलेखनाची. "कांहीं", "नाहीं", "घरें", "मुलें" असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास असतील तर मजकूर १९६२ च्या नव्या नियमांच्या अलीकडे येण्याची शक्यता कमी. काही संपादकांनी आणि लेखकांनी जुनी पद्धत हट्टाने चालू ठेवली होती, तेव्हा ही खूण एकटी पुरेशी नाही, किमतीच्या जोडीला घ्यायची. मासिक कुठलं आणि कधी चालू होतं याची शंका असेल, तर दाते सूची मंडळाने केलेली १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांची सूची मोठ्या ग्रंथालयात बघायला मिळते. त्यानंतरच्या काळासाठी ग्रंथपालांची स्मरणशक्ती हाच आधार. ती तुमच्यापेक्षा चांगली असते.

साल नक्की झालं नाही तर "१९५७–६४" असं लिहा. अंदाजाने "१९६०" लिहिलंत की दोन वर्षांनी तो अंदाज होता हे तुम्हीच विसरता.

कागद

वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक, उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल धरतं आणि कागद कुरकुरीत होतो. हे थांबवता येत नाही, मंदावता येतं. पावसाळा संपला, दसरा झाला की अंक सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात कधीच नको. मऊ ब्रशने धूळ काढा, ब्रश बांधणीकडून कडेकडे फिरवायचा. बुरशी दिसली तर तोंडाला रुमाल बांधून घराबाहेर.

टाचणीची पिन गंजून कागदावर तपकिरी डाग पाडते. ती उपटू नका. मागच्या बाजूने पिनेचे दोन पाय बोथट सुरीने सरळ करा, मग पुढून अलगद काढा. जागेवर सुती दोऱ्याचे दोन टाके पुरतात. सेलोटेप तर घरातून हद्दपारच करा. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि वरची पट्टी गळून पडते. लॅमिनेशनही तसंच, एकदा केलं की परतीचा रस्ता नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांपैकी ज्यांना नव्या रेनकोटसारखा वास येतो ती घेऊ नका. त्यांना झेरॉक्सची शाई चिकटते, पान ओढलं की अक्षरं पाकिटावर राहतात.

कसर लागली असेल तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचे आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीइतकी गरम झाल्यावरच उघडायची, नाहीतर कागदावर दव धरतं. आमच्याकडे या काळात "मग सुरमई कुठे ठेवू?" हा प्रश्न रोज येत असे. एका वेळी एकच गठ्ठा घ्या, घर शांत राहतं.

बांधणीबद्दल माझी एक दुखरी गोष्ट आहे. एका मासिकाचे बारा अंक मी एका बाइंडरकडे दिले, वर्षाचा एक खंड करून द्या म्हटलं. खंड देखणा आला. पण त्याने प्रत्येक अंकाची मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली होती ("साहेब, ते काय कामाचं?") आणि तिन्ही कडा कातरताना तळटीपांची शेवटची ओळ उडवली होती. आता त्या खंडात कुठला अंक कुठे संपतो ते कळत नाही. चूक माझीच, सांगितलं नव्हतं. बाइंडरला द्यायच्या आधी कागदावर लिहून द्या: मुखपृष्ठ आत ठेवायचं, कडा कातरायच्या नाहीत, पिन काढून दोऱ्याने शिवायचं.

अगदीच पिवळ्या पडलेल्या कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. मूळ कात्रणाच्या आधी ती मरणार नाही.

स्कॅन आणि शोध

साधा मजकूर ३०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके), बारीक टाइप असेल तर ४०० ला. जाडजूड दिवाळी अंक काचेवर पालथा दाबू नका. पाठीचा गोंद तडकतो आणि पानं सुटतात. अंक काटकोनात उघडा, दोन्ही बाजूंना पुस्तकांचा टेकू द्या आणि वरून मोबाइलने फोटो घ्या. खिडकीचा उजेड बाजूने यावा. कागद पातळ असेल तर पानाखाली काळा कागद घाला, मागच्या पानाची अक्षरं दिसायची थांबतात.

अक्षरओळखीसाठी, म्हणजे चित्रातली अक्षरं टाइप केलेल्या मजकुरासारखी व्हावीत म्हणून, गुगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते गुगल डॉक्समध्ये उघडलं की मजकूर बऱ्यापैकी येतो. दोन स्तंभांचं पान असेल तर आधी स्तंभ वेगवेगळे कापा, नाहीतर डावी ओळ उजवीला चिकटून भलताच मजकूर तयार होतो. जुन्या टाइपात 'ख'चा 'रव' होतो, 'घ'चा 'ध', 'थ'चा 'य'. माझ्या एका लेखात "खारवणं" हा शब्द असा काही आला होता की त्याचं मूळ सापडायला अंकच उघडावा लागला. सगळं दुरुस्त करत बसू नका. शीर्षक, लेखकाचं नाव आणि पहिला परिच्छेद तेवढा सुधारा.

शोध फसतो तो वेगळ्याच जागी. जुन्या अंकात "कांहीं" असतं आणि आपण "काही" शोधतो. "विहीर" टाइप केलं की "विहिरीचा" सापडत नाही. म्हणून प्रत्येक लेखाच्या नोंदीत आजच्या शुद्धलेखनात पाच-सहा विषयशब्द लिहा. विहिरीच्या लेखाला माझे शब्द आहेत: विहीर, दगड, सुरुंग, पाणी, कारागीर, मुलाखत. शोधायचं ते या शब्दांत, लेखाच्या पोटात नाही.

अलीकडच्या अंकांची गंमत वेगळी. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात मराठी मासिकं श्रीलिपीसारख्या खास फॉन्टांवर जुळवली जात. त्या काळातली पीडीएफ दिसायला स्वच्छ, पण मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो, कारण आत युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत, नाही. अशा पीडीएफचं पान चित्र म्हणून साठवा आणि जुन्या पानासारखीच त्याची अक्षरओळख करून घ्या.

फाइलच्या नावात साल आधी: "१९७४-११ मासिकाचं नाव लेखक शीर्षक". आकडे देवनागरी की रोमन ते एकदा ठरवा आणि बदलू नका. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. पेन ड्राइव्हला प्रत धरू नका.

याच्या जोडीला एक कागदी नोंदवही हवीच. लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष आणि अंक क्रमांक, पान, ती "का ठेवला" ओळ आणि मूळ अंक कुठल्या खोक्यात आहे ते. लेखकाने टोपणनाव वापरलं असेल तर खरं नाव माहीत असल्यास पुढे. वीज गेली तरी वही उघडते आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही कळते.

आपला खंड

शंभरेक लेख जमले की ते आपसांत बोलायला लागतात. माझ्याकडे विहीर, कोकणच्या किनाऱ्यावरच्या बोटींचा प्रवास, नळ येण्याआधीचं वाड्यातलं पाणी आणि एका धरणाच्या कामावरच्या इंजिनिअरचा लेख असे चार लेख वेगवेगळ्या दशकांतून येऊन शेजारी बसले, तेव्हा पहिला खंड सुचला: पाणी. विषय आधी ठरवून लेख शोधू नका, मग शाळेच्या प्रकल्पासारखं होतं. लेख जमू द्या, विषय तेच सांगतात.

एका खंडात दहा-बारा लेख पुष्कळ. सालाच्या क्रमाने लावले की इतिहासाचं पुस्तक होतं, वाचायला कंटाळवाणं. मी सर्वांत सोपा लेख पहिला ठेवतो आणि सर्वांत चांगला तिसरा, कारण तिथपर्यंत येणारा वाचक पुढे थांबत नाही. प्रत्येक लेखाआधी अर्ध्या पानाची टीप लिहा: कुठे आला, केव्हा आला, लिहिणारा कोण. जाड कागदावर छापून दोऱ्याने शिवून घेतला की झालं. स्पायरल नको, फळीवर उभं राहत नाही.

छापण्यापूर्वी हक्कांचं बघावं लागतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळं झालं. निनावी लेखाची ६० वर्षं प्रकाशनापासून, पण लेखकाचं नाव त्या मुदतीत उघड झालं तर हिशोब पुन्हा त्याच्या मृत्यूवर जातो. लेखाबरोबरची चित्रं चित्रकाराची, त्यांची गणना वेगळी. स्वतःच्या वाचनासाठी एक प्रत काढणं आणि मित्रमंडळींच्या गटात पीडीएफ सोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हक्क चालू असेल तर लेखकाला किंवा वारसांना सरळ पत्र लिहा. दोन ओळी पुरतात, आणि सोबत त्यांच्या लेखाची स्वच्छ प्रत पाठवा. मला आलेल्या उत्तरांपैकी एकाने लिहिलं होतं की आमच्याकडे वडिलांचा हा लेखच नव्हता.

कुणाकडे जाणार

हे काम उरकण्याच्या आधीच ठरवा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. अशा ठिकाणी अख्खी ट्रंक नेऊन टाकू नका, आधी नोंदवहीची झेरॉक्स द्या. त्यांच्याकडे मोठी मासिकं बहुधा असतात. तालुक्याच्या गावचे दिवाळी अंक, एक-दोन वर्षं चाललेली अनियतकालिकं, संस्थांची वार्षिकं यांची त्यांना खरी गरज असू शकते. ते जे नको म्हणतील ते परत आणायची तयारी ठेवा.

माझ्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर "लेखक?" असं शीर्षक आहे आणि खाली अकरा नोंदी. पहिली विहिरीची. अंकाच्या मागच्या पानावर एका बियाण्याच्या दुकानाची जाहिरात आहे, पत्त्यात सहा आकडी पिन आहे, त्यावरून तालुका कळला. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या वाचनालयात जाऊन फाटकं पान कुणाकडे अख्खं आहे का, ते बघायचं आहे.